अरदासेतलं नाव

मलागर सिंगाने भर संगतीत चुकीचा मुलगा वाहेगुरूच्या स्वाधीन केला, आणि हे सगळ्यांत शेवटी त्याच्याच लक्षात आलं.

बियासकाठच्या लव्हाळ्याच्या रानात शिखांचा सगळा जथा हात जोडून, डोळे मिटून उभा होता. घोड्यांवर खोगिरं चढली होती, म्हाताऱ्यांना कडेला बसवलं होतं, लेकरांच्या तोंडात गुळाचे खडे कोंबले होते. अरदास, म्हणजे सगळ्यांच्या वतीची प्रार्थना, मलागर सिंगाने करायची हा जथ्याचा जुना शिरस्ता होता, कारण त्याचा आवाज पैलतीरावर जाऊन परत यायचा. आवाज देताना देवाने त्याच्या बाबतीत हात सैल सोडला होता. स्मरणशक्तीच्या वेळी मात्र आखडता घेतला होता.

"सच्चे पातशहा," तो गरजला, "तुझी लेकरंबाळं, तुझे जखमी, तुझे म्हातारे आज नदीपार निघालेत. बेडा पार कर. मागे गढीत तुझा सेवक सुरजन सिंग एकटा नगारा वाजवत राहील. त्याच्या अंगासंगे राहा. बोले सो निहाल!"

"सत् श्री अकाल!"

रानातली सगळी पाखरं उडाली. खेम कौर तर सगळ्यांत जोरात ओरडली होती. सवयच तशी. ओरडून झाल्यावर तिला कळलं, आपण कशाला होकार दिला ते.

सुरजन तिचा मुलगा होता. एकुलता एक. आणि गढीत राहायचं होतं जवंदा सिंगाने, म्हणजे खुद्द मलागर सिंगाच्या मुलाने. जथ्याचे निर्णय घेणाऱ्या पाच सिंगांनी काल बसून तसं ठरवलं होतं. लाहोरच्या सुभ्याची गस्ती फौज जथ्याच्या वासावर होती. ऊन माथ्यावर यायच्या आत ती काठावर पोचणार होती, आणि लेकरं-म्हातारे घेऊन पार व्हायला त्याहून जास्त वेळ लागणार होता. म्हणून उंचवट्यावरच्या कच्च्या गढीत एकाने राहायचं. भिंतीवर काठ्यांना पगड्या बांधायच्या, झरोक्याझरोक्यात भरलेली बंदूक टेकवायची आणि नगारा थांबू द्यायचा नाही. नगारा वाजतोय तोवर अख्खा जथा आत आहे असं फौजेने समजायचं. नगारा वाजवणाऱ्याने काय समजायचं ते कुणी बोललं नव्हतं.

खेम कौर दिराच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"मलागर सिंगा, तुझ्या मुलाचं नाव काय?"

"कुणाच्या?"

"तुझ्या. निदान तुझी बायको मरेपर्यंत तरी तुझाच म्हणत होती."

"जवंदा सिंग," तो म्हणाला. "हे काय विचारणं झालं, भाभी?"

"आणि आत्ता वाहेगुरूला कुणाचं सांगितलंस?"

मलागर सिंगाने तोंड उघडलं. आजूबाजूला पाहिलं. कुणीच मान डोलावेना. सुरजन नगाऱ्यापाशी उभा राहून त्याच्याकडे बघून हसत होता, आणि त्याच्या पडलेल्या दाताची जागा त्या हसण्यात खिडकीसारखी उघडी होती. मलागर सिंग मटकन खाली बसला.

"हे रब्बा," तो म्हणाला. हे मात्र त्याने बरोबर नावाने म्हटलं.

तसं पाहिलं तर यात नवल काही नव्हतं. हा माणूस आपल्या घोड्याला मेलेल्या भावाच्या नावाने हाक मारायचा. तो भाऊ म्हणजे खेम कौरचा नवरा. त्यामुळे नवरा गेल्यानंतरही रोज सकाळी "सुहेल सिंगा, लाथ मारू नकोस, दाणा खा" हे तिच्या कानावर पडायचं. जवंद्याच्या लग्नात त्याने नवरदेव समजून नवरीच्या भावाला पोटाशी धरून सुखी संसाराचा आशीर्वाद दिला होता. तो बिचारा अजून बिनलग्नाचा होता.

पण खेम कौरच्या मनात आता वेगळंच सलत होतं. माणूस सगळी नावं विसरो. स्वतःच्या मुलाचं मरण जिभेवर आलं की जीभ वळते, आणि वळून वळून पुतण्यावर येते, हे विसरणं कसं?

"विसरभोळ्या माणसाची चूक कधी त्याच्या स्वतःच्या घरावर पडत नाही," ती म्हणाली, "हे मी बघून ठेवलंय."

मलागर सिंगाचा चेहरा राखेसारखा झाला. जीभ का वळली ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात जवंदा आला. लहानपणापासून कधी न हसलेला, सहा हात उंच वाटावा असा गडी. अंगावर सगळी शस्त्रं चढवून तयार.

"बापू, माझं नाव होतं," तो म्हणाला. "मी काल नदीवर जाऊन केस धुतले. नवा कंगा घेतला. बायकोशी बोलायचं ते बोलून झालं. आता मी काय नुसताच स्वच्छ फिरू?"

"पोरा, जीभ घसरली."

"मग उचला ना ती. पुन्हा अरदास करा, माझं नाव घ्या."

"असं कसं?" बाजूने जथेदार हरसा सिंग म्हणाला. "जयकारा झालाय. सुटलेला बाण भात्यात परत येतो का?"

"पण ठरवलं पाचांनी होतं!"

"ठरवलं पाचांनी, मागितलं संगतीने." जथेदाराने दाढी कुरवाळली. हा पेच त्याला मनापासून आवडलेला दिसला. लाहोरहून फौज येत होती, पण असा पेच रोज येत नाही. "पाच मोठे की संगत मोठी? बसावं लागेल."

आणि पाच सिंग खरोखरच शिसवीच्या झाडाखाली जाऊन बसले, आणि बदाम चावत विचार करू लागले. बदाम म्हणजे भाजलेले हरभरे. जथ्यात हरभऱ्याला बदाम म्हणायचे, कांद्याला चांदी म्हणायचे, आणि एक सिंग दिसला की सवा लाखाची फौज आली म्हणायचे. मरण्याला चढाईला जाणं म्हणायचे. खायला काही नसलं आणि मागे सगळं राज्य लागलं की माणसाने निदान शब्द तरी श्रीमंत वापरावेत, असा साधा हिशेब होता.

इकडे घरातल्या घरात जुंपली.

जवंद्याची बायको प्रसिन्न कौर तान्हं पोर छातीशी धरून बाजूला उभी होती. काल अख्खा दिवस ती आणि खेम कौर एका चुलीशी बसल्या होत्या. खेम कौरने तिला पाठीवर हात ठेवून सांगितलं होतं, धीर धर, मी आहे. आज ती वर मान करून बघत नव्हती. तिचं नशीब फळलं होतं आणि त्या फळाला खेम कौरच्या घराचा वास होता.

"तू तरी बोल," खेम कौर म्हणाली.

"मोठी बेबे," प्रसिन्न कौर हळूच म्हणाली, "जयकाऱ्याला मीपण ओरडले. सगळे नाव न ऐकता ओरडले असतील. मी ऐकून ओरडले."

 छातीशी पोराने चुकचुक आवाज केला.

मग तिने नवऱ्याकडे पाहिलं. "तू जा. नाव तुझं होतं. मोठ्या बेबेसमोर मी जन्मभर मान खाली घालून भाकरी थापणार नाही."

"हेच तर मी म्हणतोय!" जवंदा म्हणाला.

"मग दोघंही गप्प बसा," मलागर सिंग एकदम उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते, पण आवाज पुन्हा पैलतीरापर्यंत गेला. "चूक माझी, गढी माझी. मीच राहतो. पोरं पार जातील."

आता सुरजन पहिल्यांदा पुढे आला. हातात नगाऱ्याचे दांडके. तोवर त्याने नगाऱ्याचं कातडं चुलीच्या धगीवर धरून ताणूनही घेतलं होतं.

"चाचाजी, तुम्ही राहिलात तर नगारा वाजवायचं विसराल."

"नाही विसरणार."

"गोळी लागली तरी तुमच्या लक्षात येणार नाही, हा एक फायदा आहे. पण लाहोरवाल्यांनी कोण आहे म्हणून विचारलं तर तुम्ही नाव भलत्याचंच सांगाल. इतिहासात घोटाळा होईल."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. जखमींपैकी एकजण हसता हसता कण्हला.

"आणि दुसरं," सुरजन म्हणाला, "चाचांनी मला जन्मात कधी सुरजन म्हटलं नाही. मला जवंदा म्हणतात, सुहेल सिंग म्हणतात. एकदा तर अंधारात बकरी समजून पाला दिला. आज पहिल्यांदा माझं नाव बरोबर घेतलं, तेही थेट वाहेगुरूसमोर, आणि तुम्ही सगळे म्हणताय चुकलं."

"थट्टा करू नकोस, वीरा," जवंदा चुलतभावाला म्हणाला. "तू नगारा धड वाजवत नाहीस."

हे खरं होतं. सुरजन दोन घाव बरोबर मारायचा आणि मग एक उगाच जास्तीचा. लहानपणापासूनची खोड. घोडी बिथरायची, नगारची डोकं धरायचा. जवंदा वाजवायचा तो मात्र एकदम शिस्तीत.

"म्हणून तर मी," सुरजन म्हणाला. "तू वाजवलंस की ऐकणाऱ्याला कळतं, एक माणूस आहे आणि तो शहाणा आहे. मी वाजवलं की वाटतं आत चारजण आहेत आणि त्यांचं आपसात पटत नाहीये. आता सांगा, जथ्यासारखं कोणतं वाटतं?"

झाडाखालचे पाच सिंग चावायचे थांबले. एकमेकांकडे बघून त्यांनी माना हलवल्या. लढाईतलं मुद्द्याचं बोलणं त्यांना आवडायचं.

हरसा सिंग उठून आला. "पाचांचं असं मत पडलं," तो म्हणाला, "की काल ठरलं तेही खरं, आज मागितलं तेही खरं. दोन्ही मोडता येत नाहीत. तेव्हा ज्या आईच्या पोराचं नाव न विचारता गेलं, तिने सांगावं. ती म्हणेल तो राहील. मात्र लवकर सांगावं, ऊन चढतंय."

सगळे खेम कौरकडे बघू लागले. मलागर सिंग, जवंदा, प्रसिन्न कौर, तिच्या कडेवरचं ते टकलू पोरसुद्धा.

खेम कौरने मुलाचा दंड धरला आणि त्याला घोड्यांच्या आडोशाला नेलं.

हा मुलगा पळता पळताच जन्मला होता. गस्तीपासून लपलेल्या काफिल्यात, उंटाच्या पोटाखाली, आणि पहिलं रडू फुटायच्या आत तिने त्याचं तोंड दाबलं होतं. तेव्हापासून त्याने रडण्याची राहिलेली बाकी हसून वसूल केली होती. मिसरूड फुटायच्या आत तो कोतवालाच्या तबेल्यातून घोडा घेऊन आला होता. येताना कोतवालाच्या पहारेकऱ्याला "मालकांनी बोलावलंय" सांगून आला होता, आणि पहारेकरी खरोखर गेलाही होता. दात गेला तो त्याच दिवशी. घोड्याने झाडला. "एवढ्या मोठ्या लुटीवर जकात द्यायला नको?" असं तो म्हणाला होता. बाप गेला त्या वर्षी तो अमृत घेऊन खालसा झाला, आणि बापाची तलवार त्याच्या कमरेला आली तेव्हा ती जमिनीवरून घासत जायची. आता घासत नव्हती. हे कधी झालं, तिला आठवेना.

"खरं सांग," ती म्हणाली. "चाचाची लाज राखायला निघालास की तुला जायचंय?"

"बेबे, जयकाऱ्याला मीपण ओरडलो."

"सगळेच ओरडले."

"मी प्रसिन्न भाभीसारखा. आधी नाव ऐकलं. मग ओरडलो." तो क्षणभर थट्टा विसरला होता आणि तसा तो अगदी बापासारखा दिसत होता. "वाटलं, हां, मीच. पायातला काटा निघाल्यासारखं वाटलं. भीती नाही वाटली. तुझ्याकडे बघायची तेवढी वाटली."

"आणि माझं काय?"

"तू पार जाणार. तू आणि ते पोर आणि सगळे." मग थट्टा परत आली. "जवंदा मागे राहिला तर मला जन्मभर त्या पोराच्या तोंडाकडे बघावं लागेल. बेबे, ते हुबेहूब चाचांसारखं दिसतं. आधीच त्याच्यावर एवढा अन्याय झालाय, वर बापही नको?"

खेम कौरने त्याच्या मुस्कटात मारली. हलकेच. मग त्याची पगडी सोडली, झटकली आणि सुरकुती न ठेवता पुन्हा बांधून दिली. शेवटचा पेच खोचताना तिची बोटं जराही थरथरली नाहीत. त्याचा तिला पुढे फार अभिमान वाटला.

ती संगतीपुढे आली.

"मलागर सिंगा, बाजूला हो. अरदास मी करते."

"भाभी, एकदा झाली ती..."

"झाली ती चुकून झाली. चुकून दिलं ते दान नव्हे, ते सांडणं. आणि माझं पोर मी सांडू देणार नाही."

पाचांपैकी कुणी हरकत घेतली नाही. सगळे पुन्हा उभे राहिले, हात जुळले. खेम कौरचा आवाज पैलतीरापर्यंत जाणारा नव्हता. पण आज तिला तिथवर बोलायचंच नव्हतं.

"वाहेगुरू, मघाशी आमच्या माणसाने घाईत नाव घेतलं. आता नीट ऐक. सुहेल सिंग आणि खेम कौर यांचा मुलगा, सुरजन सिंग. वरचा एक दात नाही, ओळखायला सोपा आहे. नगारा वाईट वाजवतो, तेवढं चालवून घे. हा माझा आहे आणि मी देतेय. बघून देतेय, मोजून-मापून देतेय, चुकून नाही. बोले सो निहाल!"

 पहिला आवाज आला तो सुरजनचाच, आणि त्याच्या मागून सगळा जथा असा गरजला की बांधलेली घोडी दावणीला हिसके देऊ लागली.

जवंद्याने पुढे येऊन आपली बंदूक त्याच्या हातात दिली. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, "उजवीकडे ओढते ही."

"मग मी डावीकडचे निवडतो," सुरजन म्हणाला.

नदीत उतरताना पाणी कमरेला लागलं. प्रसिन्न कौरने न बोलता आपलं पोर खेम कौरच्या हातात दिलं, आणि खेम कौरने ते डोक्यावर धरलं. वरून नगारा सुरू झाला. दोन घाव आणि एक उगाच. दोन घाव आणि एक उगाच. घोडी बिथरली, लोक हसले, आणि हसता हसता अर्धी नदी सरली. पोर त्या तालावर खेम कौरच्या डोक्यावर लाथा झाडत होतं, आणि त्याचाही ताल चुकत होता.

पुढे काय झालं ते त्या काठावर म्हशी चारणाऱ्या एका गुज्जराने सांगितलं. फौज ऊन माथ्यावर यायच्या आधीच आली, आणि नगारा ऐकून लांबच थांबली. सरदाराने एक हलकारा पाठवून विचारलं, आत किती आहात? आतून उत्तर आलं, "सवा लाख. बाकीचे जेवताहेत, तुम्ही जेवलात का?" सरदाराने यावर बराच विचार केला आणि मागून तोफ येऊ दे म्हणाला. तोफ यायला दुपार कलली. मधल्या वेळेत जो जवळ गेला त्याला गोळी लागली, आणि प्रत्येक गोळी वेगळ्या झरोक्यातून आली. भिंत पडली तेव्हा धुरळ्यातून एकच पोरगा तलवार उपसून बाहेर आला. तो पुढे झाला, मागे नाही. पडला तोही पुढेच. गुज्जर म्हणाला, तो पडल्यावरही कुणी लवकर जवळ जाईना. आणि मग फौजेने अंधार पडेपर्यंत बाकीचे सवा लाख शोधले. जमीन ठोकून ठोकून तळघर शोधलं. गढीला तळघर नव्हतंच.

पण हे सगळं नंतर कळलं. त्या दिवशी खेम कौरला फक्त नगारा ऐकू येत होता. पैलतीर मागे पडला, शेतं लागली, तरी येत होता. तोफेचा आवाज झाला, तरी मागून येतच होता. दोन घाव आणि एक उगाच. मग एकदा दोन घाव झाले.

ती थांबली. एक पाय उचललेला तसाच. सगळा जथा थांबला. तो उगाचचा घाव आला नाही.

"सुरजन सिंग चढाईला गेला," जथेदार म्हणाला.

"बोले सो निहाल," मलागर सिंगाने म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज हातभर लांबही गेला नाही. खेम कौरने उत्तर दिलं. भरभरून, छातीतून, त्या सकाळच्यापेक्षाही जोरात. लेकराला दचकून जाग आली.

जथा सतलजपलीकडच्या माळव्याच्या वाळूत सुखरूप पोचला. एक लेकरू हरवलं नाही, एक म्हातारा मागे राहिला नाही. आणि त्या दिवसापासून मलागर सिंग प्रत्येकाला बरोबर नावाने हाक मारू लागला. एकही चूक नाही. तोंड उघडण्याआधी तो थांबायचा, समोरच्याकडे बघायचा, नाव जुळवायचा आणि मग बोलायचा. घोड्यालाही त्याने घोडा म्हणायला सुरुवात केली, तर घोड्याने दाणा सोडला. हे कुणालाच सहन होईना. खेम कौर त्याच्याशी बोलत नव्हती, पण तिलाही सहन होईना.

मग एका संध्याकाळी लंगर चालू होता. पंगत बसली होती, खेम कौर भाकरी वाढत होती, प्रसिन्न कौर चांदी चिरत होती, म्हणजे कांदा. मलागर सिंग पाण्याची मशक शोधत होता आणि विचारात होता, म्हणून थांबायचं विसरला.

"ओ सुरजन सिंगा," तो गरजला, "पाणी आण रे!"

पंगतीतले घास हवेतच राहिले. मलागर सिंगाच्या लक्षात आलं. या वेळी लगेच आलं. त्याने तोंडावर हात दाबला आणि त्याचे खांदे गदगदू लागले.

जवंदा उठला. कुणाकडे न बघता कोपऱ्यातून मशक उचलली आणि खांद्यावर घेतली.

"आलो, बापू," तो म्हणाला.

खेम कौरने टोपलीतली सगळ्यांत गरम भाकरी काढली आणि दिराच्या पुढ्यात टाकली.

"खा, मलागर सिंगा," ती म्हणाली. "उद्यापासून घोड्यालाही त्याच्या जुन्या नावाने हाक मार. उपाशी मरायला लागलाय तो."